सांबराचं कुरण, माणसाचं शेत

चांदोलीला जाऊन आलेले लोक हमखास विचारतात, "हे जंगल किती जुनं?" याला एकच उत्तर नाही. घाटमाथ्यावरचं सदाहरित रान जुनंच आहे. पण सांबर आणि गवे चरायला येतात त्या मोकळ्या गवताळ जागा बघा. त्यातल्या कितीतरी ठिकाणी पूर्वी भात, नाचणी, वरी पिकायची.

घटनाक्रम असा. साताऱ्यात कोयनेचं धरण १९६४ मध्ये पूर्ण झालं. पुढे सांगलीच्या शिराळा तालुक्यात वारणेवर चांदोलीचं धरण झालं. १९८५ मध्ये कोयना आणि चांदोली ही अभयारण्यं जाहीर झाली, २००४ मध्ये चांदोली राष्ट्रीय उद्यान झालं आणि २०१० मध्ये दोन्ही मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प. काही गावं पाण्याखाली गेली, काही जंगलासाठी उठली.

मग त्या जमिनीचं काय झालं? नांगर थांबला, गुरं गेली, राखणीची हाळी बंद झाली. वरकस जमिनीवर गवत माजलं. उघड्यावर गवत, कडेला लपायला झाडी, खाली जलाशयाचं पाणी: सांबराला आणखी काय हवं? भेकर मात्र झाडीच्या आडोशानंच राहतं.

म्हणजे जमीन नुसती सोडून दिली की हरणं वाढतात? इतकं सोपं नाही. पडीक शेत कायम कुरण राहत नाही. आधी गवत, मग करवंदीसारखी झुडपं, मग झाडं. झाडी दाटली की गवत हटतं. म्हणून कुरण टिकवायचं तर वनखात्याला तिथं हात घालावाच लागतो. शिवाय शिकारीवर बंदी नसती, तर नुसतं गवत असून काय उपयोग?

आता मुद्द्याचं. या जागेला आपण सहज 'अस्पर्श निसर्ग' म्हणतो, तेव्हा तिथले बांध, घरांची जोती, कुणीतरी लावलेले आंबे-फणस आपण पुसून टाकतो. राज्याचा पुनर्वसन कायदा आला १९७६ मध्ये. कोयनेची माणसं त्याआधीच उठली होती. जमिनीसाठी त्यांची आंदोलनं या शतकातही चालू राहिली.

सांबर वाढलं, याचा आनंद जरूर मानावा. पण ते ज्या बांधावर उभं आहे, तो कुणाचा होता आणि त्याला बदल्यात काय मिळालं, हेही याच जंगलाच्या इतिहासात लिहावं लागेल.