दुर्गाघाटाचा दगड आणि खाणीची वाट

काशीचा दुर्गाघाट मराठी माणसाला परका नाही. पेशव्यांना गुरुस्थानी असलेल्या नारायण दीक्षित पाटणकर यांनी अठराव्या शतकात तो बांधविला. शेजारचा ब्रह्मघाटही त्यांचाच. घाट बांधविणाऱ्याचे नाव इतिहासाने जपले. दगड ज्या वाटेने डोंगरावरून खाली उतरतो, त्या वाटेकडे मात्र इतिहासाचे लक्ष क्वचितच जाते. आज थोडे त्या वाटेविषयी.

काशीचे घाट ज्या फिकट पिवळसर वालुकाश्माने उभे राहिले, तो प्रामुख्याने चुनारचा. चुनार मिर्झापूर जिल्ह्यात, गंगेच्या काठी, काशीच्या वरच्या अंगाला आहे. विंध्याच्या रांगा तेथे नदीपर्यंत येऊन भिडतात. अशोकाचे बहुतेक स्तंभ याच दगडाचे आहेत. बनारस हिंदू विद्यापीठाच्या पुरातत्त्वज्ञ विदुला जायसवाल यांनी चुनारच्या टेकड्यांवर प्राचीन खाणींचा शोध घेतला, तेव्हा तेथे दंडगोलाकार घडविलेले दगडांचे ठोकळे विखुरलेले आढळले. डोंगरावर दगड काढणे हे काम निम्मेच. तो पाण्यापर्यंत नेणे हे उरलेले निम्मे. नाव एकदा प्रवाहाला लागली की काशीपर्यंतचा भार गंगामाई वाहत असे. म्हणून खाण नदीच्या जितकी जवळ, तितका दगड स्वस्त.

जमिनीवरून अवजड दगड हलविणे किती कष्टाचे होते, याचे वर्णन शम्स सिराज अफीफ या इतिहासकाराने केले आहे. चौदाव्या शतकात फिरोजशाह तुघलकाने टोपरा येथील अशोकस्तंभ दिल्लीस आणविला. सावरीच्या कापसाच्या राशीवर तो अलगद आडवा केला, ४२ चाकांच्या गाड्यावर चढविला आणि हजारो माणसांनी दोर लावून यमुनेपर्यंत ओढला. पुढचा प्रवास नावांतून झाला.

अशा भाराखाली वाट टिकते ती कशामुळे? जॉन मॅकॅडम या स्कॉटिश बांधकामतज्ज्ञाने १८१६ च्या सुमारास याचे उत्तर मांडले. भार खरोखर पेलते ती खालची नैसर्गिक जमीन, आणि ती कोरडी असेल तोवरच पेलते. खडीचा थर हे तिचे छप्पर. छपरावरचे पाणी वाहून जावे म्हणून रस्त्याला मध्ये किंचित फुगवटा द्यायचा आणि कडेने चर काढायचा.

खाणीचा रस्ता डोंगराच्या कुशीतून जातो, म्हणून तेथे हा प्रश्न अधिक बिकट होतो. डोंगर कापला की उतारावरून पसरून वाहणारे पाणी रस्त्यावर अडते. ते आतल्या बाजूच्या चरात घ्यावे लागते आणि ठरावीक अंतरावर मोरीतून पलीकडे काढावे लागते. मोऱ्या कमी पडल्या तर सारे पाणी एकाच जागी कोसळते आणि तेथे घळ पडते. चढही बेताचा हवा. आपल्याकडील खुल्या खाणींत साधारणतः १६ मीटर अंतरास १ मीटर चढ ही मर्यादा धरली जाते; त्याहून तीव्र चढावर गाड्यांना धोका असतो आणि पाण्याचा वेगही माती ओरबाडण्याइतका वाढतो.

खाण बंद पडल्यावर तीच वाट नाल्याचे रूप घेते. वर्षानुवर्षांच्या चाकांनी दडपलेली माती पाणी शोषत नाही. मोऱ्या गाळाने बुजतात, चाकोऱ्यांतून पाणी धावते आणि खालच्या शेतांत व ओढ्यांत गाळ उतरतो. गोव्यात खाणींतून लोहखनिज ट्रकने मांडवी-जुवारीच्या धक्क्यांवर आणि तेथून बार्जने बंदरात जात असे. तेथल्या खाणपट्ट्यातील शेतकऱ्याने पावसाळ्यात शेतात उतरणारा लाल गाळ अनुभवला आहे.

असा रस्ता जमिनीला परत करण्याचे शास्त्र आज अवगत आहे. प्रथम मोऱ्या काढून ओढ्यांना त्यांचे मूळ पात्र मोकळे करायचे. मग दडपलेला थर यंत्राच्या दात्यांनी खोल उकरायचा, कापलेला उतार शक्य तितका पूर्ववत करायचा, आडवे बांध घालून पाणी कडेला वळवायचे, आणि खोदाईपूर्वी बाजूला काढून ठेवलेली वरची सुपीक माती पसरून स्थानिक गवत लावायचे. ती माती आरंभीच जपली नसेल, तर शेवटी आणायची कोठून? म्हणून रस्ता आखतानाच त्याच्या अंताचा विचार करावा लागतो.

कायदाही हळूहळू या विचारापर्यंत आला. प्रमुख खनिजांच्या खाणींना २००३ पासून खाण-समाप्तीचा आराखडा बंधनकारक झाला. परंतु इमारतीचा दगड गौण खनिजांत मोडतो आणि त्याचे नियम राज्ये करतात. २०१२ साली दीपककुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पाच हेक्टरांहून लहान गौण खनिजपट्ट्यांनाही पर्यावरण मंजुरी आवश्यक ठरविली. पुढे ८ जानेवारी २०२० रोजी त्याच न्यायालयाने खाणपट्ट्यांबाबत एक अट घालण्याचा आदेश दिला: काम संपल्यावर पट्टेदाराने खाणीची जमीन, तसेच खाणकामामुळे विस्कटलेली इतर जमीनही पुन्हा गवताखाली आणावी. ‘इतर जमीन’ या दोन शब्दांत खाणीच्या रस्त्याला प्रथमच हक्काची जागा मिळू शकते. मात्र खाण मोजणारे अधिकारी रस्ताही मोजतील तेव्हाच.

दुर्गाघाटाच्या पायऱ्यांवर दर पावसाळ्यात गंगेचा गाळ साचतो आणि पूर ओसरल्यावर तो धुऊन काढला जातो. त्या गाळात वरच्या डोंगरांची मातीही असते. घाट शतकानुशतके टिकावा म्हणून आपण दगड निवडला, घडविला, सांधला. तो ज्या डोंगरातून आला त्याच्या अंगावरची वाट बुजविणे हाही त्याच बांधकामाचा अखेरचा टप्पा समजला पाहिजे.