बांधावरचं चंदन

जत तालुक्यातल्या आमच्या बांधावर चंदनाचं रोप आपसूक उगवलं, तेव्हा आजोबा म्हणाले, "उपटून टाक. नसती बला." एवढं महागाचं झाड आणि उपटायचं? म्हैसूरचा इतिहास वाचला तेव्हा उलगडा झाला.

1792 च्या सुमारास टिपू सुलतानानं चंदनाला राजवृक्ष ठरवलं. टिपू गेला, वोडेयार आले, पुढे लोकशाही आली, मक्तेदारी टिकली. झाड तुमच्या शेतात, पण मालक सरकार. राखायचं शेतकऱ्यानं, आणि चोरी झाली तर पहिला संशयही त्याच्यावरच.

पहिल्या महायुद्धात जर्मनीला जाणारं चंदन अडकलं. संस्थानानं 1916 मध्ये स्वतःचा तेलाचा कारखाना काढून आपली जोखीम सांभाळली. शेतकऱ्याच्या हातात एकच उपाय होता: रोप उपटणं. 2001 मध्ये कर्नाटकानं कायदा बदलून झाड जमीनमालकाचं केलं. तोवर चंदन धोक्यातल्या प्रजातींच्या जागतिक यादीत जाऊन पडलं होतं.

आमच्याकडे तोडीला अजूनही परवानगी लागते, चोरांची भीती आहेच. गेल्या पावसाळ्यात बांधावर पुन्हा रोप आलंय. या वेळी उपटलं नाही. सात-बाऱ्यावर नोंद करायला तलाठ्याकडे जायचंय.