पायांची नोंदवही

परवा मुळशी तालुक्यातल्या मालेला एका नातेवाइकाकडे गेलो होतो. संध्याकाळी पोरं फुटबॉल खेळत होती. त्यातला एक डावा पाय जपून टाकत होता. विचारलं तर म्हणाला, ‘‘काही नाही, चाचा.’’

माझा धाकटा भाऊही असंच म्हणायचा. गुडघा पुरता बरा होण्याआधीच तो मैदानात उतरला आणि विशीतच त्याचा खेळ सुटला. तो आम्हा सगळ्यांसमोर खेळत होता. दुखणं मात्र कुणालाच दिसलं नाही.

डोळ्यांना न दिसणारं पायाचं काम टिपण्याची धडपड जुनी आहे. फ्रान्सचे शरीरशास्त्रज्ञ एतिएन-ज्यूल मारे यांच्या १८७३ सालच्या ग्रंथात एक धावणारा माणूस दाखवला आहे. त्याच्या बुटांच्या तळाशी हवेची रबरी पोकळी असे. पाय टेकला की हवा दाबली जाई, तो दाब नळीवाटे हातातल्या यंत्रात पोहोचे आणि काजळी धरलेल्या कागदावर रेघ उमटे.

आज काजळीची जागा चिपने घेतली आहे. खेळाडूच्या पाठीवरचं जीपीएस यंत्र तो किती धावला, किती वेगाने धावला, हे सांगतं. पण कोणता पाय कचरतो हे कळायला नडगीवर छोटा सेन्सर बांधता येतो. पाय किती झपाट्याने हलला, किती वळला, जमिनीचा हादरा किती बसला, याची तो नोंद करतो. दोन्ही पायांच्या नोंदी शेजारी ठेवल्या की फरक दिसतो. फुटबॉलचे नियम ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय मंडळाने २०१५ साली, स्पर्धेच्या आयोजकांची संमती असेल तर, अशी साधनं सामन्यातही वापरायला मुभा दिली.

आपल्याकडे हे काम वस्तादाची नजर करत आली. कोल्हापुरात तर पेठांमधल्या तालमींनीच फुटबॉल वाढवला. तिथला अनिकेत जाधव २०१७ साली सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळला. पण वस्ताद एक आणि पोरं वीस. शिवाय संघातली जागा जाईल या धास्तीने पोर दुखणं लपवतं. यंत्रापुढे ते लपत नाही. मात्र आकडा आला तरी ‘आज बस’ हे माणसालाच म्हणावं लागतं.

कवितेच्या ओळीलाही आपण चरण म्हणतो. तिथे एक मात्रा चुकली तर माझ्या कानाला खटकते. भावाच्या पावलातली चूक मला कळली नव्हती.

मालेच्या त्या पोराला मी जवळ बसवून घेतलं. तो रुसला. दुसऱ्या दिवशी मात्र त्याची आई त्याला पौडला डॉक्टरांकडे घेऊन गेली.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)