चाऊस : हद्रमौत ते परभणी

परभणी जिल्ह्यातील उर्दू शाळेत हजेरी घेताना 'चाऊस' हे आडनाव वरचेवर येते. इतिहासाच्या तासाला अशाच एका विद्यार्थ्याने मला विचारले, "सर, हम लोगां अरब हैं के हिंदुस्तानी?" कोणीतरी त्याला 'बाहेरचा' म्हणून डिवचले होते. त्याचे उत्तर पाठ्यपुस्तकात नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

चाऊस हा मूळचा तुर्की शब्द, लष्करातील एक हुद्दा. हैदराबाद संस्थानात तो अरब शिपायांना चिकटला. हे शिपाई दक्षिण येमेनमधील हद्रमौतचे. तिथे पाऊस कमी, शेती तुटपुंजी आणि टोळ्यांची भांडणे फार. पोटासाठी माणसे समुद्रापार गेली. कोणी जावा बेटावर, म्हणजे आजच्या इंडोनेशियात, व्यापारात रमले. कोणी निजामाच्या फौजेत भरती झाले. उमर बिन अवध अल-कुऐती हा असाच एक जमादार. हैदराबादच्या कमाईवर त्याच्या घराण्याने हद्रमौतात राज्य उभारले. ते १९६७ पर्यंत टिकले.

एक गोष्ट लपवण्याचे कारण नाही. हे जमादार सावकारीही करीत. कर्जापोटी सरकारी मुलूख त्यांच्याकडे गहाण पडला होता. १८५३ मध्ये दिवाण झालेल्या पहिल्या सालारजंगांनी तो सोडवून घेतला.

शिपाई बहुधा एकटे येत आणि इथेच निकाह करीत. त्यांच्या मुलांना अरबीत 'मुवल्लद' म्हणत. बापाची भाषा अरबी. पण अंगाईची भाषा आईची, दखनी. दोन-तीन पिढ्यांत अरबी मागे पडली. उरले नावातले 'बिन' आणि लग्नातला मरफा.

सप्टेंबर १९४८ च्या पोलिस कारवाईनंतर अनेक अरब अटकेत गेले, कित्येक हद्दपार झाले. पण इथे जन्मलेल्यांना पाठवायचे कुठे? पुढे २६ जानेवारी १९५० पासून अमलात आलेल्या राज्यघटनेच्या पाचव्या अनुच्छेदाने नागरिकत्व ठरवले ते जन्म आणि वास्तव्य पाहून. वंश त्यात कुठेच नव्हता.

त्या मुलाला मी हे सारे सांगितले आणि म्हणालो, "बेटा, पणजोबांचे गाव तुला ठाऊक आहे. पणजी कुठली, ते घरी विचार."

दुसऱ्या दिवशी तो हसत आला. "सर, पाथरीची!"

बापाकडचा शजरा आपण जिवापाड जपतो. त्यात आयांची नावे आणि गावेही लिहायला हवीत. आपली मुळे या मातीत किती खोल गेली आहेत, ते तिथेच दिसते.