हरवलेली किल्ली आणि शिकलगार

पेटीला लहानसं कुलूप असतं आणि किल्ली हरवते, तेव्हा घरात पहिला उपाय सुचतो तो हातोडीचा. कुलूप तुटतं, बऱ्याचदा कडी-कोयंडाही वाकतो. दुसरा उपाय जुना आणि शहाणपणाचा. पेटी उचलायची आणि बाजारात चावीवाल्याकडे न्यायची. आमच्या नगरमध्येही रस्त्याच्या कडेला किल्ल्यांचे जुडगे टांगून बसणारे हे कारागीर आहेत. त्यांच्या कसबाचा इतिहास मात्र कुणी सांगत नाही.

चावीवाला आधी कुलपाच्या तोंडात डोकावतो. त्या मापाची एक कोरी किल्ली निवडतो, म्हणजे जिला अजून दाते पाडलेले नाहीत अशी. ती काडीच्या किंवा मेणबत्तीच्या ज्योतीवर धरून काळी करतो. मग कुलपात घालून हलक्या हाताने पिळतो आणि बाहेर काढतो. आतल्या पात्या, ज्यांना बाजारात लिव्हर म्हणतात, जिथे टेकल्या तिथली काजळी पुसली गेलेली असते. तेवढ्याच जागी कानस फिरवायची, पुन्हा काजळी, पुन्हा कुलपात. दर वेळी घासायचं ते केसभर. जास्त घासलं तर किल्ली वाया. काही फेऱ्यांनंतर कुलूप उघडतं, शाबूत राहतं आणि मालकाच्या हाती नवी किल्लीही येते. न दिसणाऱ्या यंत्राची रचना नुसत्या खुणांवरून ओळखण्याची ही विद्या बापाच्या किंवा उस्तादाच्या शेजारी बसूनच येते.

कुलूप हा शब्द मूळचा अरबी, ‘कुफ्ल’. फारसी-उर्दू बोलीत त्याचा ‘कुल्फ’ झाला आणि मराठीत कुलूप. झाकण बंद केलेल्या साच्यात गोठवतात ती कुल्फीसुद्धा याच घरातली. चावी पोर्तुगीजांकडून आली. किल्ली मात्र ‘कील’ म्हणजे खुंटीच्या कुळातली मानतात. अरबी ‘कलआ’पासून झालेल्या किल्ल्याशी तिचं नातं नाही, कानाला तसं वाटलं तरी. मराठीतून अरबी-फारसी शब्द वेचून काढा म्हणणाऱ्यांनी आधी आपल्या घराच्या दाराकडे बघावं.

शिकलगार हा शब्दही त्याच वाटेने आलेला. अरबी ‘सैकल’ म्हणजे घासून आणलेली चकाकी. ती आणणारा तो सैकलगर. तलवारी, कट्यारी, खंजीर घासून त्यांना धार लावणं हे त्यांचं काम. निजामशाहीचं नगर धातुकामात मोठं होतं. विजापूरच्या बुरुजावर आज दिसणारी मलिक-ए-मैदान तोफ 1549 मध्ये नगरला ओतली गेली. ओतणाऱ्याचं नाव तोफेवरच कोरलेलं आहे, महंमद बिन हुसेन रूमी. फौजेची पाती घासणाऱ्यांची नावं मात्र कुठेच कोरलेली नाहीत.

पुढे सरदार गेले, फौजा मोडल्या. 1878 च्या शस्त्र कायद्याने हत्याराला परवाना लागू लागला आणि तलवारीचं काम संपत गेलं. शिकलगार विळी, सुरी, कात्री, अडकित्त्याकडे वळले, काही कुलूप-किल्लीकडे. त्यांच्यात मुस्लिम आहेत तसे शीखही आहेत. महाराष्ट्राच्या ओबीसी यादीत शिकलगार ही नोंद आहे. जात कागदावर आली. कसबाची दखल मात्र फार काळ कुणी घेतली नाही.

उलट ज्याला कुलूप उघडता येतं त्याच्याकडे समाज जरा तिरप्या नजरेनेच बघतो. ही नजर फक्त आपल्याकडची नाही. 1851 मध्ये लंडनच्या जागतिक प्रदर्शनाच्या वेळी हॉब्ज नावाच्या अमेरिकन कारागिराने ब्रामा कंपनीचं नावाजलेलं कुलूप उघडलं. ते उघडणाऱ्याला 200 गिनी देऊ, अशी पाटी कंपनीने दुकानाच्या खिडकीत कित्येक वर्षं लावलेली होती. हॉब्जला सोळा दिवसांत मिळून 51 तास लागले. मग वाद पेटला, की हे असं उघड करणं म्हणजे चोरांना शिकवणंच नाही का? हॉब्जची बाजू सरळ होती. चोरांना हे आधीच ठाऊक असतं, अंधारात राहतो तो कुलूप विकत घेणारा. मला त्याचं म्हणणं पटतं.

इस्लामी परंपरेत किल्लीचा सगळ्यात मोठा प्रसंग मक्केचा आहे. हिजरी 8, म्हणजे 630 मध्ये मक्का जिंकल्यावर काबागृहाची किल्ली प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या हाती आली. ती आपल्याकडे यावी अशी इच्छा त्यांच्या जवळच्या नात्यातही होती. प्रेषितांनी ती जुन्या किल्लीदाराला, उस्मान बिन तल्हा यांना परत केली. ज्याची अमानत त्याला पोहोचवा असं सांगणारी सूरह निसाची 58 वी आयत भाष्यकार याच प्रसंगाशी जोडतात. ती किल्ली आजही बनू शैबा घराण्याकडे आहे. रस्त्यावरच्या चावीवाल्याचा धंदाही अमानतीवरच चालतो. पेटी कुणाची याचा कागद त्याच्याकडे नसतो. ‘तुमचीच ना?’ एवढंच तो विचारतो. आणि उघडून देईपर्यंत आतला ऐवज त्याच्या भरवशावर असतो.

याच जिल्ह्यात, नेवासा तालुक्यात शनिशिंगणापूर आहे. घरांना दारं-कुलपं न लावण्याची तिथली प्रथा जगभर गाजली. 2011 मध्ये युको बँकेने गावात शाखा उघडली तेव्हा ‘बिनकुलपाची बँक’ म्हणून बातम्या आल्या. 2015 मध्ये गावात पोलीस ठाणंही झालं. गावाच्या श्रद्धेचा मान राखून बँकेने काचेचं दार बसवलं आणि त्याला सहज नजरेस न पडणारं, रिमोटवर चालणारं विद्युतचुंबकीय कुलूप लावलं. त्या कुलपात काळी केलेली कोरी किल्ली घालायला जागाच नाही.