मारुतचे सस्पेन्स खाते

बँकेत सस्पेन्स नावाचे एक खाते असते. नावावरून बाबुराव अर्नाळकरांची आठवण होते, पण त्यात खून वगैरे काही नसतो. ज्या रकमेचे आईबाप सापडत नाहीत, तिला तात्पुरती उतरवून घ्यायची ही धर्मशाळा. आता बँकेतला ‘तात्पुरता’ हा शब्द कधीकधी वीस वर्षे टिकतो, ती गोष्ट वेगळी. लेजरे गेली, संगणक आले, पण सस्पेन्स खाते जागचे हलले नाही.

लढाऊ विमानांच्या दुनियेतही असे एक खाते असते. ज्यांचे नकाशे निघाले, बैठका झाल्या, क्वचित एखादे हवेत उडालेसुद्धा, पण कारखान्यातून रांगेने कधी बाहेर पडली नाहीत, अशी सगळी विमाने तिथे जमा. मी बी. कॉम. माणूस. पंखाखालून हवा कशी वाहते ते मला विचारू नका. आमच्या शाखेतल्या पंख्याखालूनही ती वाहत नाही. पण न जुळलेला ताळेबंद मला लांबून ओळखू येतो. आपल्या एचएफ-२४ मारुत विमानाचा ताळेबंद तसा आहे.

१९५६ साली कुर्ट टांक नावाचे जर्मन गृहस्थ बंगलोरला आले. दुसऱ्या महायुद्धातले गाजलेले फॉक-वुल्फ १९० हे यांचेच अपत्य. युद्धानंतर ते अर्जेंटिनात जेट विमान करत होते. तिथली राजवट उलटली आणि टांकसाहेब आपल्याकडे आले. आपण अगदीच कोरे होतो असे मात्र नाही. हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये आपले कोल्हापूरकडचे डॉ. विष्णु माधव घाटगे होते. गटिंगेनला खुद्द प्रांटलच्या हाताखाली शिकलेले. त्यांच्या एचटी-२ या शिकाऊ विमानाने १९५१ मध्येच भरारी मारली होती. पण हवाई दलाला आता हवे होते ध्वनीच्या दुप्पट वेगाने जाणारे लढाऊ विमान! म्हणजे ज्या घरात नुकती सायकल आली, तिथे मुलाने थेट आगगाडी मागावी तसे.

टांकसाहेबांनी आधी त्याच मापाचे एक लाकडी ग्लायडर केले. १९५९ मध्ये डाकोटा विमानाने ते दोरीने ओढत उंच न्यायचे, सोडायचे आणि खालपर्यंत ते कसे वागते ते पाहायचे. म्हणजे मारुतचा पहिला अवतारच बिनइंजिनाचा. बारशालाच पत्रिका कळली म्हणायची. मारुत म्हणजे वारा, आणि त्याचा पुत्र मारुती इंजिनाशिवाय लंकेपर्यंत गेला होता, एवढाच काय तो दिलासा.

१७ जून १९६१ रोजी सुरंजन दास यांनी खऱ्या मारुतचे पहिले उड्डाण केले. विमान देखणे होते, वैमानिकांना आवडणारे होते. पण आत होती ऑर्फियस ७०३ ही दोन इंजिने, प्रत्येकी सुमारे २,२०० किलो रेट्याची. ही व्यवस्था अर्थातच तात्पुरती. मूळ आखणी होती ऑर्फियस १२ ची. त्यात आफ्टरबर्नर, म्हणजे मागून निघणाऱ्या झोतात आणखी इंधन जाळायची सोय, आणि रेटा सुमारे ३,७०० किलो. मात्र ते इंजिन ब्रिटिशांना नकोसे झाले. ‘विकासाचा उरलेला खर्च तुम्ही उचला, पुरे करून देतो,’ असे त्यांचे म्हणणे. दिल्लीने खर्च उचलला नाही.

ती फाइल मी पाहिलेली नाही, पण तिचा चेहरा मला ठाऊक आहे. अशा कागदावर कोपऱ्यात कोणीतरी समाधानाने ‘बचत’ लिहितो. घर बांधायला कर्ज मंजूर करायचे आणि जिन्याचा खर्च अनावश्यक म्हणून कापायचा, हा प्रकार मी रोज पाहतो. जिना नाही म्हणून वरच्या मजल्यावर कधीच न गेलेले पुष्कळ खातेदार आहेत.

मग सुरू झाली मारुतची वधूसंशोधन मोहीम. मिग-१९ च्या घरातले रशियन आरडी-९ एफ पाहून झाले. ते काही पसंत पडले नाही. मग स्थळ आले थेट इजिप्तचे. नासरसाहेब तेव्हा एचए-३०० नावाचे हलके लढाऊ विमान करत होते. विमान मेसरश्मिट या जर्मनाचे, आणि त्यासाठी ई-३०० हे इंजिन ब्रँडनर या ऑस्ट्रियनाचे. आपल्याकडे विमान होते, इंजिन नव्हते. त्यांच्याकडे इंजिन होते, ते तपासायला विमान हवे होते. असा छत्तीस गुणी योग! आपले कपिल भार्गव इजिप्तला गेले आणि १९६४ मध्ये हेल्वानला एचए-३०० चे पहिले उड्डाण त्यांनीच केले. मागोमाग आपले एक मारुतही गेले. त्याच्या एका बाजूला ई-३०० आणि दुसऱ्या बाजूला जुने ऑर्फियस बसवले. हा मारुत १ बीएक्स. एका पायात कोल्हापुरी आणि दुसऱ्यात बूट घालून तो १९६७ मध्ये चक्क उडाला. त्याच वर्षी इजिप्त युद्धात होरपळले आणि १९६९ मध्ये त्यांनी सगळा प्रकल्पच गुंडाळला. एन्ट्री सस्पेन्समध्ये.

आता घरच्या घरी काय होते ते पाहू, असे ठरले. बंगलोरच्या गॅस टर्बाइन संशोधन संस्थेने ऑर्फियसलाच आफ्टरबर्नर जोडला. रेटा वाढला, पण शेपटीकडचा भागही फुगला आणि हवेचा अडथळा वाढला. पगारवाढ झाली आणि घरभाडेही वाढले. या मारुत १ आरची चाचणी घेत होते तेच सुरंजन दास. १० जानेवारी १९७० रोजी उड्डाण घेताच विमान कोसळले आणि ते गेले.

इथे मला विनोद सुचत नाही. पहिले मारुत ज्याने हवेत नेले, तोच माणूस त्याची उणीव भरून काढायच्या प्रयत्नात गेला. बंगलोरला कारखान्याजवळच्या रस्त्याला त्यांचे नाव आहे. फाइलीवर ‘बचत’ लिहिणाऱ्याच्या नावाचा रस्ता कुठे असतो का? पण वजाबाकी त्यानेच केलेली असते आणि हातचा मात्र दुसऱ्या कोणालातरी द्यावा लागतो.

तरीही मारुतला नापास म्हणायला माझे मन घेत नाही. १९७१ च्या युद्धात राजस्थानच्या आघाडीवर त्याने जमिनीवरची लक्ष्ये झोडपली आणि हवाई लढाईत एकही मारुत पडले नाही. ध्वनीच्या दुप्पट जायला निघालेले विमान कसेबसे ध्वनीला शिवायचे. पण जे होते तेवढ्यात त्याने संसार केला. दोन आसनी धरून एकूण १४७ बनली. सत्तरीच्या दशकात टोर्नेडोचे आरबी-१९९ इंजिन घालून एचएफ-७३ नावाचे थोरले भावंड करायचेही घाटत होते. ते कागदावरच राहिले आणि १९७८ मध्ये आपण जॅग्वार पसंत केले. १९९० पर्यंत मारुत निवृत्त झाले. फंड, ग्रॅच्युइटी काही नाही.

यातून आपण शिकलो का? शिकलो तर. १९८९ मध्ये आपण स्वतःचे कावेरी इंजिन करायला घेतले. तेजस त्याची वाट पाहून थकले आणि २००१ साली अमेरिकन इंजिनावर उडाले. २००८ मध्ये कावेरीला तेजसपासून वेगळे केले. खाते जुने, फक्त पान नवे.

म्युनिकजवळ श्लाइसहाइमला विमानांचे एक संग्रहालय आहे. तिथे आपले एक मारुत आहे आणि इजिप्तचे एचए-३०० सुद्धा आहे. ज्या इंजिनासाठी दोघांची सोयरीक झाली होती, ते कुठल्याच ताफ्यात कधी आले नाही. दोघे मात्र आता एकाच छपराखाली राहतात, तेही आपल्या जर्मन आजोळी. चला, निदान ही एक एन्ट्री तरी जुळली.