नोकरी गेली तरी बाळंतपणाचे वेतन बुडत नाही

प्रतिनिधी

कार्यालयात कर्मचारीकपातीची कुजबूज सुरू झाली की सर्वांच्याच पोटात गोळा येतो. मात्र जिला पाचवा महिना सुरू आहे आणि जिने अजून वरिष्ठांना काही सांगितलेले नाही, तिची धास्ती निराळी असते. प्रसूतिगृहात नाव नोंदवलेले असते, घराचा हप्ता सुरू असतो आणि या अवस्थेत दुसरी नोकरी मिळणार नाही, हे तिला पुरते ठाऊक असते. अशा वेळी बहुतेक जणी मनाशी एक हिशेब मांडतात. नोकरी गेली की सव्वीस आठवड्यांच्या रजेचा पगारही गेला, असा तो हिशेब. हा हिशेब चुकीचा आहे. कायद्याने नोकरी आणि प्रसूतीचे वेतन या दोन गोष्टी फार पूर्वीच वेगळ्या केल्या आहेत. पण ही तरतूद ज्यांच्यासाठी आहे, त्यांच्यापर्यंत ती क्वचितच पोहोचते.

१९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यातील कलम १२ या प्रश्नाच्या मुळाशी आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० लागू झाली आणि जुन्या कायद्याची जागा तिने घेतली. तरीही हे संरक्षण संहितेच्या कलम ६८ मध्ये जवळजवळ त्याच शब्दांत कायम आहे. त्याचे दोन भाग आहेत. महिला प्रसूती रजेवर असताना तिला कामावरून काढणे, रजेच्या काळात मुदत संपेल अशी नोटीस देणे किंवा तिच्या सेवाशर्तींत तिला तोट्याचे ठरतील असे बदल करणे बेकायदा आहे. हा भाग अनेकांना माहीत असतो. दुसरा भाग असा, की गरोदरपणात कधीही नोकरीवरून काढले, तरी जिला एरवी प्रसूती लाभ मिळाला असता तिचा तो हक्क संपत नाही. म्हणजे रजा सुरू होण्यापूर्वी झालेल्या खऱ्याखुऱ्या कपातीपासून कायदा नोकरी वाचवेलच असे नाही, मात्र वेतन वाचवतो.

याला अपवाद एकच, तो गंभीर गैरवर्तनाचा. तोही मोघम नाही. कोणते वर्तन गंभीर मानायचे, हे नियमांत ठरवून दिलेले असते. मालाची जाणूनबुजून नासधूस, कामाच्या ठिकाणी मारहाण, चोरी वा अफरातफर अशी ती यादी आहे. शिवाय लाभ नाकारायचा तर तसा लेखी आदेश महिलेला द्यावा लागतो. 'कामगिरी समाधानकारक नाही' हे कपातीच्या दिवसांतले आवडते कारण त्या यादीत बसत नाही.

ऐंशी दिवसांचा हिशेब

लाभासाठी मुख्य अट एकच आहे. प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपूर्वीच्या बारा महिन्यांत त्या मालकाकडे किमान ८० दिवस काम झालेले असावे. इथे गणती नोकरी सुटल्याच्या तारखेपासून नव्हे, तर डॉक्टरांनी दिलेल्या तारखेपासून मागे करायची असते. समजा, एखादीची तारीख १५ डिसेंबर आहे आणि तिला ३० जूनला, चौथ्या महिन्यात, कामावरून काढले. आदल्या वर्षीच्या १५ डिसेंबरपासून जूनअखेरपर्यंत ती कामावर होती, तर साडेसहा महिन्यांत ८० चा आकडा तिने कधीच ओलांडलेला असतो. मालकाने काम नसल्याने बसवून ठेवलेले दिवस (ले-ऑफ) आणि भरपगारी सुट्ट्याही यात धरल्या जातात. नोकरी प्रोबेशनवर आहे की कायम, याने काही फरक पडत नाही.

हयात मुले दोनपेक्षा कमी असतील तर २६ आठवडे, त्यातले प्रसूतीपूर्वी जास्तीत जास्त आठ. दोन किंवा अधिक मुले असतील तर १२ आठवडे. ही वाढ १ एप्रिल २०१७ पासूनची, त्यापूर्वी सर्वांनाच १२ आठवडे मिळत. प्रसूतीपूर्व काळाची रक्कम गरोदरपणाचा दाखला दिल्यावर आगाऊ आणि उरलेली प्रसूतीचा दाखला दिल्यापासून ४८ तासांत द्यायची असते. मालकाने प्रसूतीपूर्व आणि प्रसूतीनंतरची वैद्यकीय सोय मोफत केलेली नसेल, तर ३,५०० रुपयांचा वैद्यकीय बोनस वेगळा. रविवारचे वेतन कापून रक्कम देण्याचा प्रयत्नही पूर्वी झाला होता. सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये कोइम्बतूरच्या कामगार न्यायालयातून आलेल्या एका खटल्यात तो मोडीत काढला. आठवडा सात दिवसांचाच धरावा लागेल, असा तो निकाल होता.

वेतनाची व्याख्या मात्र संहितेने बदलली आहे आणि तिच्याकडे लक्ष हवे. जुन्या कायद्यात घरभाडे भत्ता वेतनात धरला जाई. आता मूळ वेतन व महागाई भत्ता हा पाया आहे. घरभाड्यासारखे भत्ते वगळले जातात, मात्र वगळलेली रक्कम एकूण मोबदल्याच्या निम्म्यापेक्षा अधिक झाली, तर वरचा भाग पुन्हा वेतनात मिळवावा लागतो. त्यामुळे पगारपत्रक एकदा या दृष्टीने वाचलेले बरे.

राजीनाम्याची सही

खरी अडचण कायद्यात कमी आणि त्या बंद खोलीतल्या बैठकीत जास्त असते. मनुष्यबळ विभाग बोलावतो, आवाज सौम्य असतो. 'काढले असा शेरा पडण्यापेक्षा तुम्हीच राजीनामा द्या, अनुभवपत्र चांगले देऊ,' असे सांगितले जाते. वरील संरक्षण मालकाने काढून टाकल्यावर मिळते. स्वतःहून दिलेल्या राजीनाम्याला ते सहजी लागू होत नाही आणि तो दबावाखाली दिला हे सिद्ध करण्याचा भार मग त्या महिलेवरच येतो. 'सर्व देणी मिळाली, आता कोणतीही मागणी नाही' असे वाक्य असलेल्या हिशेबपूर्तीच्या कागदाचेही तसेच. त्या बैठकीत सही न करता कागद वाचण्यासाठी घरी नेण्याचा आग्रह धरावा. मालक ठाम असेल तर त्याने सेवासमाप्तीचे पत्र द्यावे. त्या पत्राची भीती वाटते, पण लाभाच्या दाव्यात तेच उपयोगी पडते.

गरोदर असल्याचे सांगावे की लपवावे, हा प्रश्न याच टप्प्यावर छळतो. सांगितले तर यादीत आपले नाव आधी येईल, ही भीती निराधार म्हणता येणार नाही. तरीही लेखी कळवणेच हिताचे ठरते. डॉक्टरांच्या दाखल्यासह, अपेक्षित तारीख नमूद करून पाठवलेला ई-मेल हा तारखेचा पुरावा होतो. त्यानंतर आठवडाभरात सेवासमाप्तीचे पत्र आले, तर तो क्रमच बोलका असतो. त्या ई-मेलची, नियुक्तिपत्राची आणि पगारपत्रकांची प्रत कार्यालयाच्या संगणकावर न ठेवता स्वतःजवळ असावी, कारण नोकरी गेल्याच्या दिवशी तो संगणक सर्वप्रथम बंद होतो.

करार संपला तर?

मुदतीच्या करारावर काम करणाऱ्यांना 'करारच संपला, आता रजा कसली' असे उत्तर मिळत असे. दिल्लीतील एका सरकारी रुग्णालयातील निवासी डॉक्टरलाही तेच मिळाले. तिचा करार ११ जून २०१७ रोजी संपत होता आणि रजा १ जूनपासून हवी होती. तिला अवघ्या ११ दिवसांची रजा मंजूर झाली. प्रशासकीय न्यायाधिकरण आणि उच्च न्यायालय दोन्हीकडे ती हरली. १७ ऑगस्ट २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मात्र लाभाचा कालावधी कराराच्या मुदतीपलीकडे जात असला तरी तो पूर्ण द्यावा लागेल, असे ठरवले आणि त्यासाठी कलम १२ चाच आधार घेतला. रोजंदारीवरील महिलांचा प्रश्न त्याआधीच, २००० मध्ये, दिल्ली महापालिकेच्या खटल्यात त्यांच्या बाजूने सुटला होता.

हे पैसे कोणाच्या खिशातून जातात, यावर बरेच काही अवलंबून असते. राज्य कामगार विमा योजनेत, म्हणजे ईएसआयमध्ये असलेल्या महिलेला ते महामंडळ देते. या योजनेसाठी २०१७ पासून दरमहा २१ हजार रुपयांची वेतनमर्यादा ठेवण्यात आली. तिथे आधीच्या दोन हप्ता-कालावधींत किमान ७० दिवसांचे हप्ते भरलेले असावे लागतात. त्यामुळे नोकरी नुकतीच सुटली असली, तरी पूर्वीच्या हप्त्यांवर हक्क टिकू शकतो. त्याहून अधिक पगाराच्या महिलांचा सारा भार मालकावर येतो आणि कपातीच्या यादीत गरोदर महिलेचे नाव येण्याचा मोह इथेच निर्माण होतो. ही मेख नवी नाही. देशातील या विषयावरचा पहिला कायदा मुंबई प्रांतात १९२९ मध्ये झाला. आदल्या वर्षी विधिमंडळात त्या विधेयकाला पाठिंबा देताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी हा भार मुख्यतः सरकारने उचलावा, असे मत मांडले होते. कायदा झाला तो मालकावर भार टाकणारा. २०१८ मध्ये केंद्राने वाढीव रजेपैकी सात आठवड्यांचे वेतन मालकांना परत देण्याचा प्रस्ताव पुढे आणला, पण त्याला मंजुरी मिळालेली नाही, हेही तेव्हाच सांगावे लागले.

मालकाने लाभ नाकारला किंवा गरोदरपणात कामावरून काढले, तर आदेश मिळाल्यापासून ६० दिवसांत सक्षम प्राधिकाऱ्याकडे अपील करता येते. चौकशीची सुरुवात कामगार आयुक्तांच्या कार्यालयात करावी. मुंबईत ते वांद्रे-कुर्ला संकुलातील कामगार भवनात आहे. साठ दिवस हातात पुष्कळ वाटतात, परंतु आठव्या महिन्यात ते भराभर सरतात. त्यामुळे अर्ज घरातील कोणी किंवा कामगार संघटनेने तयार करून ठेवलेला बरा.

दुकाने व आस्थापनांमध्ये हा कायदा दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तरच लागू होतो. मागील बारा महिन्यांत एखाद्या दिवशी जरी दहा जण कामावर असले तरी ते पुरेसे आहे, त्यामुळे 'आता आम्ही आठच जण' हे उत्तर अंतिम मानू नये. त्याहून लहान कचेरीत किंवा घरकामावर असलेल्या महिलेला मात्र यातले काही मिळत नाही. तिच्यासाठी प्रधानमंत्री मातृवंदना योजना आहे. अंगणवाडीतून अर्ज करता येणाऱ्या या योजनेत पहिल्या अपत्यासाठी ५,००० रुपये मिळतात, तर दुसरे अपत्य मुलगी असल्यास ६,००० रुपये.